बॅटरी कोन खाते

सेल्फचा खटका दाबला तसा ट्रक एकदा कण्हला आणि गप्प झाला. लटारूनं पुन्हा दाबला. आता कण्हणंही नाही. वैशाखातली सकाळ होती, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं, तरी त्याची बंडी पाठीला चिकटली.

खाली उतरून त्यानं हँडल लावलं. पहिल्याच झटक्याला हँडल उलट फिरलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. बॅटरीतच जीव नसला तर ठिणगी कुठून पडणार. शेवटी रोजचंच झालं. मजुरांचा म्होरक्या मुखरू, त्यानं हाक दिली आणि डेपोतले सगळे गडी ट्रकच्या मागं लागले. त्यांच्यात वारलूही होता. वारलू म्हणजे डेपोचा रात्रीचा चौकीदार आणि लटारूचा सासरा. साठी उलटलेला माणूस. रात्रभर जागून घरी जायच्या वेळेला तो उजवा खांदा फळीला लावायचा आणि मान खाली घालून रेटायचा. सागवानानं लादलेला ट्रक इंचाइंचानं हलला, उताराला लागला. लटारूनं क्लच सोडला आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं.

आरमोरीच्या बाहेरचा तो लाकडाचा डेपो एका ठेकेदाराचा. ट्रक लढाईतला, लष्कराच्या लिलावात घेतलेला. पण बॅटरी होळीनंतर नागपूरहून नवी कोरी आणलेली. वडशाच्या स्टेशनावर मालासाठी वॅगनी लागल्या होत्या. त्या भरल्या नाहीत तर दुसऱ्याला जाणार होत्या, आणि मग सगळा सागवान पावसाळाभर डेपोत भिजत पडणार होता. आधी कधीमधी उतरणारी बॅटरी वॅगनी लागल्यापासून रोजच उतरू लागली होती. ठेकेदार चांद्याला बसून निरोपावर निरोप पाठवत होता, आणि प्रत्येक निरोपाबरोबर रामाजी मुनिमाचा चेहरा जास्त ओढल्यासारखा दिसत होता.

त्या सकाळी रामाजी सरळ ट्रकच्या खिडकीपाशी आला. इंजिन चालूच होतं. त्यानं विचारलं, "लटारू, रात्री या मोटारीपाशी कोन असते?"

"मामाजी असते. चौकीदारच हायेत ना ते."

"मोटारीत बसते का तो?"

हिवाळ्यात एकदा पहाटे लटारू लवकर आला होता, तेव्हा म्हातारा घोंगडं पांघरून आत सीटवर बसलेला त्याला दिसला होता. रात्री अस्वल आलं होतं. धुळीत पंजे उमटले होते ते लटारूनं स्वतः पाहिले होते.

"बसते कधी कधी," तो म्हणाला.

अस्वलाचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण रामाजी तोवर वळला होता. त्यानं वारलूला सगळ्यांसमोर बोलावलं. रात्री आत बसून बत्त्या पेटवतो, मजा मारतो आणि सकाळी आमच्यासमोर खांदा लावायचं सोंग करतो, असं तो मोठ्यानं म्हणाला. वारलूनं मान हलवली. बत्ती कशी पेटते हेसुद्धा मले माहीत नाई जी, म्हणाला. रामाजीनं त्याच्या काखेतलं गाठोडं घेतलं आणि भुईवर मोकळं केलं. घोंगडं, चिलीम, मिरच्यांची पुडी, पेजेचं रिकामं गाडगं. आणि वितीएवढी तांब्याची तार.

"हे कुठून आनली?"

वारलूनं लटारूकडे पाहिलं. कंदिलाची कडी तुटली होती, ती बांधायला लटारूनंच ती तार त्याला दिली होती. उरलेला तुकडा म्हाताऱ्यानं जपून ठेवला होता. लटारूचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. तो काचेतून समोर बघत राहिला. वॅगनी, ठेकेदार, चांद्याहून येऊ शकणारा दुसरा ड्रायव्हर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती. खरंच बसत असेल का म्हातारा? पेटवत असेल का?

वारलूनं नजर परत तारेकडे वळवली.

"पडली होती जी," मग तो म्हणाला. "म्या उचलली."

रामाजीनं त्याची काठी आणि कंदील काढून घेतला. वारलूनं खाली बसून सामान पुन्हा गाठोड्यात भरलं. मिरच्या मातीत सांडल्या होत्या, त्या एकेक करून वेचल्या. मजुरांनी तोंडं फिरवली. लटारूनं गियर टाकला.

संध्याकाळी लटारू घरी गेला तेव्हा बायकोला, गुणाबाईला, सगळं कळलं होतं. तिनं पायावर पाणी दिलं, ताट वाढलं. वारलू अंगणात भिंतीकडे तोंड करून निजला होता. तीन जीवांचं घर. आई गेल्यावर बापाला तिनं आपल्याकडे आणला होता, आणि जावयाच्या घरी फुकट खात नाही म्हणून म्हाताऱ्यानं ही चौकीदारी धरली होती. लटारूनं ताट बाजूला सारलं.

"मुनीम बोलला, मी काय करणार?" तो म्हणाला.

गुणाबाईनं चूल विझवली. "तार तुमी देल्ली होती," ती म्हणाली, आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

लटारूनं घोंगडी उचलली आणि डेपोची वाट धरली. त्यानं ट्रकच्या दारांना बाहेरून दोरी बांधली आणि चाकाशी उशाला दगड घेऊन आडवा झाला. डास, मुंग्या आणि लांबवर भुंकणारं भेकर, यात झोप म्हणावी तशी लागलीच नाही. ट्रकजवळ कोणी आलं नाही. बत्ती पेटली नाही. उजाडल्यावर त्यानं दोरी सोडली, आत बसला आणि सेल्फ दाबला.

ट्रक मेलेला होता.

म्हणजे म्हाताऱ्यानं काही केलं नव्हतं. तो धावतच रामाजीकडे गेला. म्हाताऱ्याचा दोष नाही, मी स्वतः रात्रभर तिथं होतो, म्हणून सांगू लागला. रामाजी दातण करत होता. त्यानं शांतपणे चूळ भरली.

"म्हंजे आता तू कराले लागला," तो म्हणाला. "सासऱ्याले वाचवाले."

वीज काही आपोआप उडून जात नाही, रामाजी म्हणाला. बॅटरी नवी, तार नवी नाही पण चांगली, मग माणसाशिवाय कोण खाणार? चांद्याला निरोप गेला आहे. येत्या बाजारापर्यंत ट्रक नीट चालला नाही, तर नवा ड्रायव्हर येईल आणि लटारूनं त्याला किल्ली द्यावी. रामाजीनं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून दिलं. त्याचीही नोकरी त्या वॅगनींवरच टांगलेली होती, हे लटारूला दिसत होतं. पण त्यानं राग कमी होत नव्हता.

त्यानं बॅटरी काढून बैलगाडीत घातली आणि आरमोरीत गफ्फार मिस्त्रीकडे नेली. गफ्फार धानाच्या गिरणीचं तेलाचं इंजिन सांभाळायचा. त्याच इंजिनाला पट्टा लावून तो बॅटऱ्या भरून द्यायचा. कोंड्यानं त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं बॅटरीची बुचं काढून आत पाहिलं, वास घेतला, दिवसभर ती इंजिनाला लावून ठेवली आणि सांगितलं की हिच्यात काही खोट नाही.

"इसको कोई पी रहा है," तो म्हणाला. "मोटारीतच बसला हाये कुठीतरी. माणूस नाई."

"पाहू कसा त्याले?"

गफ्फारनं एक छोटा बल्ब दिला, त्याला दोन तारा जोडल्या. सगळी बटणं बंद करायची. बॅटरीची एक तार काढायची आणि ती तार नि बॅटरी यांच्यामध्ये हा बल्ब लावायचा. बल्ब पेटला तर समजायचं की गाडीत कोणीतरी चोरून वीज खातंय. मग पुढच्या तारा एकेक करून सोडत जायच्या. जी सोडल्यावर बल्ब विझेल, तिच्या टोकाशी चोर. लटारूनं ते दोनदा म्हणून दाखवलं. गफ्फारनं त्याच्या हातात पॉलिश पेपरचा एक तुकडाही कोंबला; कुठं काळं दिसलं तर घासून पाहा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मजूर सावलीला जेवत असताना त्यानं बोनट उघडलं. बॅटरी जागेवर बसवली, तार काढली, मध्ये बल्ब लावला. सगळे जेवण सोडून बघायला आले. रामाजीही आला.

बल्ब पेटला नाही.

लटारूनं तारा घासून पुन्हा लावल्या. नाही. बल्बच गेलाय की काय म्हणून तो थेट बॅटरीला टेकवला, तर लख्ख पेटला. पुन्हा मध्ये लावला, अंधार. घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मागून कोणीतरी हसलं.

"मोटार तर बिचारी निर्दोष हाये," रामाजी म्हणाला. "आता तूच सांग, चोर कुठी हाये."

मजूर पुन्हा जेवायला बसले. लटारूनं बोनट लावलं तेव्हा पत्रा उन्हानं इतका तापला होता की तळहात पोळले. त्याला ते नंतर कळलं.

घरी आला तर गुणाबाई बापाच्या खांद्याला मोहाचं तेल चोळत होती. खांदा अजून निळसर होता. वारलू डोळे मिटून बसला होता. लटारू उंबऱ्यावर बसला आणि बल्बाची गोष्ट सांगून टाकली, कोणालाही उद्देशून नाही, नुसती सांगितली. उद्या शेवटची खेप, म्हणाला, परवा बाजार.

गुणाबाईचे हात थांबले. ती नवऱ्याकडे न पाहता बोलली.

"बाबाचा खांदा आधी रोज नाई सुजे. तुमी वडशाले जाऊन आले का दुसऱ्या दिवशी सुजे. कूपातून लाकडं वढत होते, त्या दिवसाईत नाई. मीच चोळत होती, मले माहीत हाये."

लटारूनं वर पाहिलं. जंगलातल्या कूपातून, म्हणजे तोडणीच्या पट्ट्यातून, डेपोपर्यंतची खेप म्हणजे हाकेचं अंतर. इंजिन तापायच्या आत ट्रक परत. वडसा लांब. आणि आज दुपारी त्यानं तपासला तो ट्रक कालपासून बॅटरीशिवाय उभा, इंजिन थंडगार.

"मी थंड्या मोटारीले इचारून राह्यलो होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी भरलेली असल्यानं ट्रक पहिल्या दाबाला सुरू झाला. वडशाची वाट म्हणजे धूळ, खड्डे आणि मध्ये नदीच्या पात्रातली वाळू. लटारूनं कुठंही थांबा घेतला नाही. वॅगनीपाशी माल उतरवला आणि उलट पावली निघाला. इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे पाहायचं त्याला धाडस होत नव्हतं. रेडिएटरमधून वाफ येत होती. पुन्हा बल्ब पेटला नाही तर? मग घरी जाऊन काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

डेपोत ट्रक शिरला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इंजिन बंद केलं आणि पाणीही न पिता त्यानं बोनट वर केलं. आतून भट्टीसारखी झळ आली. बॅटरीची तार काढताना बोटं भाजली. बल्ब मध्ये लावला.

बल्ब पेटला.

मुखरू सागाच्या ओंडक्यावर बसला होता, तो उठून जवळ आला. मग बाकीचेही आले. या वेळी कोणी हसत नव्हतं. लटारूनं हॉर्नची तार सोडली. बल्ब तसाच. पुढच्या दिव्यांची सोडली. तसाच. मागच्या दिव्याची तार गंजानं धरून बसली होती, ती पान्यानं सोडवताना नट सुटून धुळीत पडला. मुखरू गुडघ्यावर बसून तो शोधू लागला. बल्ब तसाच. पाठीमागे रामाजीच्या वहाणा वाजल्या. लटारूनं वळून पाहिलं नाही. आता डायनामोकडे जाणारी जाड तार उरली होती. त्यानं ती सोडली.

बल्ब विझला.

त्यानं तार टेकवली, पेटला. उचलली, विझला. पुन्हा टेकवली. पुन्हा उचलली. मजुरांतला कोणीतरी हळूच "हाव," म्हणाला.

तार जिथून निघत होती त्या काळ्या डबीचं झाकण लटारूनं काढलं. आत कटआउट होता. इंजिन चालू असलं की डायनामोची वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची आणि इंजिन थांबलं की वाट बंद करायची, एवढंच त्याचं काम; दारासारखं. त्या दाराची दोन टोकं जळून काळी पडली होती आणि एकमेकांना चिकटून बसली होती. इंजिन बंद झाल्यावरही वाट उघडीच राहत होती. बॅटरी रात्रभर उलट डायनामोत रिकामी होत होती. तापलं की चिकटायचं, थंड पडून, ढकलताना किंवा बॅटरी काढता-घालताना धक्का बसला की सुटायचं. त्यानं चाकूचं टोक मध्ये घातलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि टोकं सुटली. पॉलिश पेपरनं त्यानं दोन्ही घासली, तांबूस चमक दिसेपर्यंत. तार जोडली. बल्ब काळाच राहिला.

रामाजीनं वाकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "आता सगळ्या तारा लाव आन् माल भरून घे. उद्या बाजार असला तरी खेप जाऊ दे."

लटारूनं पाना खाली ठेवला.

"मामाजीले सांगा लागन."

"सांगू ना. येऊ दे त्याले कामावर. काठी-कंदील घेऊन जाय तूच."

"मी नाई. तुमी सांगा. घरी येऊन."

रामाजीला आधी कळलंच नाही. मग त्याचा आवाज चढला. एका चौकीदारासाठी मी तुझ्या अंगणात येऊ? वॅगनी उभ्या आहेत तिकडं, आणि तू अटी घालतोस? लटारू बंपरवर बसला. सुटलेल्या तारा त्याच्या मागं तशाच लोंबत होत्या.

"तुमी त्यायले सगळ्याईसमोर बोलले," तो म्हणाला. "मी तारा लावतो. तुमी येऊन जा."

रामाजीनं मुखरूला माल भरायला सांगितलं. मुखरू धुळीत सापडलेला नट हातात घेऊन उभा होता. त्यानं तो फुंकून साफ केला, लटारूच्या शेजारी ठेवला आणि स्वतः ओंडक्यावर जाऊन बसला. मग बाकीचेही बसले. रामाजी ऑफिसच्या खोपटाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. लटारूच्या मनात आलं, आता हा चांद्याला निरोप पाठवणार. संपलं आपलं. पण उठावंसं वाटलं नाही.

दिवस बुडायच्या सुमाराला रामाजी बाहेर आला. हातात वारलूची काठी आणि कंदील होता.

लटारूच्या मागोमाग अंगणात मुनीम आलेला पाहून गुणाबाई आत सरली. वारलू उभा राहिला. रामाजीनं टोपी सारखी केली, काढली, पुन्हा घातली. दोष मोटारीतच होता, म्हणाला. तुमच्यावर उगाच आळ आला, मनात ठेवू नका. इतकी वर्षं 'अरे' म्हणणारा माणूस 'तुमी' म्हणाला हे घरातल्या तिघांनाही ऐकू आलं. वारलूनं काठी आणि कंदील घेतला. गुणाबाईनं पाणी आणून दिलं, ते रामाजी उभ्याउभ्याच प्यायला. उद्यापासून या, म्हणाला. वारलू म्हणाला, पाहू जी.

मुनीम गेल्यावर वारलूनं हातातल्या कंदिलाच्या कडीची तार चाचपली. मग लटारूला म्हणाला, "चाल. दाखव मले तो चोर."

दोघं डेपोकडे चालू लागले. उजेड अजून थोडा उरला होता. मजूर पांगले होते. लटारूनं बोनट उचललं, डबीचं झाकण काढलं आणि बोट दाखवलं. वारलूनं डोळे बारीक केले, जवळ वाकला. तांदळाच्या दाण्याएवढी ती दोन टोकं होती. म्हाताऱ्यानं नख लावून पाहिलं.

"एवढंसं?"

"हाव जी."

वारलू तसाच वाकलेला राहिला. "लटारू," तो म्हणाला, "मुनीमानं इचारलं तवा तुले काय वाटलं? म्या पेटवत असन?"

लटारूला पटकन नाही म्हणता आलं असतं. गळ्यापर्यंत आलंही होतं. समोर म्हाताऱ्याची मान होती, घामाच्या मिठानं पांढरी पडलेली.

"वाटलं होतं, मामाजी. थोडंसं वाटलं होतं. आन् तार म्याच देल्ली होती. सांगतलं नाई."

वारलू सरळ झाला. त्यानं धोतराला बोट पुसलं. दूर नदीकडच्या झाडीत रातवे बोलायला लागले होते.

"आता खरं बोलला," तो म्हणाला. "त्या दिवशी बी खरंच बोलला होता तू. बसते मी कधी कधी. पन अर्धं बोलला."

वारलूनं लोंबत्या तारांकडे पाहिलं आणि त्या कुठं कुठं लागतात ते विचारलं. लटारू एकेक तार लावू लागला. म्हातारा कंदील पेटवून त्याच्या हाताशी धरून उभा राहिला.